अवनीला पाणी देऊ नका

"पाणी देऊ नका! कोणीही तिला पाणी देऊ नका!"

मी मराठीत ओरडले. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडतं, झाशीत अर्धं आयुष्य गेलं तरी. तोमरजींना मराठी येत नाही. ते बाटलीचं झाकण उघडून अवनीच्या ओठांशी नेत होते. मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हटलं, "तोमरजी, पानी नहीं. एक घूँट भी नहीं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाच ऊन लागलंय असं त्यांना वाटलं असणार. एप्रिल संपत आला होता. झाशीत त्या दिवसांत सकाळी नाश्त्याच्या वेळेलाच सावली शोधावी लागते. एक मुलगी तीन तास चालून येते, रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसते, ओकायला लागते, आणि एक शिकलेली बाई म्हणते की हिला पाणी नको. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं तर मलाही पटलं नसतं.

"मैडमजी, बच्ची को लू लगी है!" तोमरजी म्हणाले.

"लू नहीं लगी. हाथ लगाकर देखिए."

त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. ओलं आणि गार.

तोमरजी तिचे कोच. सैन्यातून निवृत्त झालेले, उंच, कोरड्या आवाजाचे. झाशीच्या आसपासच्या मुलामुलींना ते चालण्याची शर्यत शिकवतात. हा खेळ फार लोकांना ठाऊक नसतो, म्हणून सांगते. यात धावायचं नाही, चालायचं. पण इतक्या वेगानं, की तुम्ही-आम्ही धावूनही मागे राहू. एक पाय सतत जमिनीला लागलेला दिसला पाहिजे. पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ पाहिजे. वाटेत पंच उभे असतात, चूक झाली की ताकीद देतात, ताकिदी वाढल्या की बाद करतात. असं चालताना कंबर जोरात हलते. अवनी चिरगाँवच्या रस्त्याला सराव करायची तेव्हा ट्रकवाले हॉर्न वाजवून हसायचे. ती कधी मान वळवायची नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रेम नगरमध्ये तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. नवरा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर, त्याच्याबरोबर लग्न करून मी साताऱ्याहून आले. माझ्याकडे येणारे पेशंट म्हणजे रेल्वेतल्या लोकांचे गुडघे, कारखान्यातल्या लोकांच्या माना आणि त्यांच्या बायकांच्या कंबरा. खेळाडू क्वचित. पण लग्नाआधी पुण्यात मी खेळाडूंच्या दुखापतींचा कोर्स केला होता, आणि त्याचा उपयोग व्हावा म्हणून मी कायम टपलेली असते. अवनी आली तेव्हा मला सणासारखं वाटलं.

अवनी सप्रे. गुरसरायची. तिथली मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या जुनी आहेत. तिचे वडील तिथल्या शाळेत गणित शिकवतात, सगळं गाव त्यांना मास्साब म्हणतं. अवनीला मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की हिंदी सुरू होते. ती झाशीत मावशीकडे राहून सराव करत होती.

माझ्याकडे ती पोटरीचं दुखणं घेऊन आली होती. बोलता बोलता म्हणाली, "मैडम, एक बात और है. रविवार को लंबा चलती हूँ ना, उसके बाद सिर बहुत दुखता है. उंगलियाँ भी मोटी हो जाती हैं."

"पाणी किती पितेस?" मी विचारलं.

"सर बहुत पिलाते हैं," ती हसून म्हणाली. "स्कूटर पे साथ चलते हैं, हर चक्कर में बोतल."

घरच्यांनी, मावशीनं, मैत्रिणींनी, सगळ्यांनी तिला एकच सल्ला दिला होता. डोकं दुखतंय? उन्हाचं आहे. अजून पाणी पी. ती अजून पीत होती. डोकं अजून दुखत होतं.

मला शंका आली ती तिथे. पण शंका म्हणजे निदान नव्हे. मी तोमरजींना फोन केला आणि म्हटलं, पुढच्या रविवारी मी येते, तिची चाल बघायची आहे. गाडीच्या डिकीत वजनकाटा टाकला. चालायच्या आधी तिला काट्यावर उभं केलं. तीन तासांनी ती परत आली तेव्हा पुन्हा उभं केलं.

साधी गोष्ट आहे. तीन तास घाम गाळलेल्या माणसाचं वजन थोडं उतरतं. उतरायलाच हवं. अवनीचं दीड किलो वाढलं होतं.

मला वाटलं काटा बिघडला. मी स्वतः उभी राहून पाहिलं. माझं जेवढं असतं तेवढंच दाखवलं, दुर्दैवानं. मी वळून अवनीकडे पाहिलं तर ती खाली बसली होती. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा मांसात रुतला होता. मग ती ओकायला लागली, तोमरजी बाटली घेऊन धावले, आणि मी मराठीत ओरडले.

तिला आम्ही माझ्या गाडीत मागे झोपवलं. तोमरजी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. वाटेत ती बोलत होती, पण धड नाही.

"सर, कितने चक्कर बचे?"

"हो गए बेटा, सब हो गए."

"अच्छा." आणि एका मिनिटानं, "सर, कितने चक्कर बचे?"

तिसऱ्यांदा तिनं तेच विचारलं तेव्हा तोमरजींनी तिच्या कपाळावर हात ठेवला. आरशात त्यांचा चेहरा पाहिला आणि मी ॲक्सिलरेटर दाबला.

हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर होते. उन्हाळ्यात त्यांच्याकडे असे पेशंट रांगेनं येतात, आणि दहातल्या बहुतेकांना खरोखर पाणीच कमी पडलेलं असतं. त्यांनी पाहिलं: खेळाडू, ऊन, उलटी, चक्कर. सिस्टरला म्हणाले, "ड्रिप लगाइए."

आता माझी पंचाईत. मी डॉक्टर नाही. फिजिओनं डॉक्टरला सल्ला द्यायचा नसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात. आणि घाईघाईत चुकीचं पाणी शिरेतून गेलं असतं, तर ती मुलगी फिट येऊन कोमात जाऊ शकली असती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"डॉक्टर साहब, मैं फिजियो हूँ. फ़ैसला आपका है. बस एक बात सुन लीजिए. इसका वज़न बढ़ा है."

"मतलब?"

"तीन घंटे चली है, और वज़न डेढ़ किलो बढ़ा है. मैंने पहले भी तौला, बाद में भी. पहले सोडियम देख लीजिए."

ते थांबले. त्यांनी अवनीची बोटं दाबून पाहिली. तिला विचारलं, "आज कौन सा दिन है?" ती म्हणाली, "कितने चक्कर बचे?"

"सिस्टर, ड्रिप रोकिए. सोडियम भेजिए, अर्जेंट."

कितीतरी डॉक्टरांना मी पाहिलंय, जे अशा वेळी "आप बाहर बैठिए" म्हणाले असते. हे म्हणाले नाहीत. त्यांचं मला आजही कौतुक वाटतं.

सोडियम म्हणजे काय, ते सांगते. आपल्या रक्तात मीठ असतं, ठरलेल्या प्रमाणात. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. आता समजा तुम्ही घामापेक्षा कितीतरी जास्त पाणी प्यायलात आणि तेही नुसतं पाणी. वरण बरोबर खारट आहे आणि त्यात कोणी दोन तांबे पाणी ओतलं, तर जे होईल तेच रक्ताचं होतं. अळणी होतं. मग जास्तीचं पाणी रक्तातून शरीराच्या पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी घट्ट होते, एवढंच. मेंदू फुगला तर त्याला जायला जागा नसते, कवटी हाडाची आहे. डोकं दुखतं, ओकारी येते, माणूस गोंधळतो. पुढे फिट, बेशुद्धी. आणि बघणाऱ्याला हे सगळं हुबेहूब ऊन लागल्यासारखं दिसतं. म्हणून तो काय करतो? पाणी पाजतो.

रिपोर्ट आला. सोडियम एकशे पस्तीसच्या खाली गेलं की काळजी करतात. अवनीचं एकशे तेवीस होतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट मला दाखवला, मान हलवली. मग त्यांनी जास्त मिठाचं वेगळं सलाईन मागवलं आणि ते अगदी थोडं थोडं, मोजून द्यायला सुरुवात केली. हे काम त्यांचं, मी बाहेर येऊन बसले.

बाकावर तोमरजी होते. एवढा मोठा माणूस, पण खांदे आत ओढून बसला होता.

"मैडमजी, सच बताइए. ये मैंने किया ना?"

मी खोटं बोलू शकले असते. पण हा माणूस उद्या पुन्हा मैदानावर उभा राहणार होता, आणि त्याच्या हाताखाली अजून मुलं होती.

"आपने किया," मी म्हटलं. "उसका भला सोचकर किया. लेकिन किया आपने."

त्यांनी मान डोलावली. मग सांगितलं. आदल्या वर्षी एका स्पर्धेत अवनीच्या पायात गोळे आले, ती रस्त्यावर पडली, शर्यत सोडावी लागली. तेव्हा कोणीतरी सांगितलं, पाणी कमी पडलं. "मैंने कसम खा ली थी, अब इस लड़की को पानी कम नहीं पड़ने दूँगा." म्हणून रोज उठल्याबरोबर दोन तांबे, चालायच्या आधी एक बाटली, आणि प्रत्येक चक्कराला स्कूटरवरून हुकूम: पियो. तहान असो, नसो. हुकूम पाळण्यात अवनी कधी मागे राहिली नव्हती.

संध्याकाळपर्यंत ती शुद्धीवर आली. नीट, स्वच्छ शुद्धीवर. पहिलं वाक्य बोलली, "भूख लगी है." सिस्टर हसली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तोवर मास्साब गुरसरायहून बस बदलत पोचले होते. धोतर नाही, पण इस्त्रीचा पायजमा, सदरा, खांद्याला पिशवी. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"आपण सौ. माने?"

"हो."

"कोच म्हणतात, आपण तिला पाणी पिऊ दिलं नाहीत."

"नाही दिलं."

मी सगळं सांगितलं. ते गणिताचे मास्तर, मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "म्हणजे वजन केलं नसतंत, तर पाणी पाजलं असतं."

"हो."

त्यांनी हात जोडले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसानं हात जोडलेले मला बघवेनात. मी म्हटलं, "काका, असं नका करू." मग ते शांतपणे म्हणाले, "परवा तिला गुरसरायला घेऊन जातो. झालं तेवढं पुष्कळ झालं. तिची आई तर फोनवर नुसती रडते आहे. मुलगी बी. एड. करेल, शाळेत लागेल."

बापाला काय सांगणार? पण दार उघडं होतं आणि आतून आवाज आला.

"बाबा, मी नाही जात."

मराठीत. पूर्ण वाक्य. मास्साबही दचकले.

"अगं, तबियत..."

"तबियत ठीक हो जाएगी. पण मी शर्यत सोडली ना, तर मी..." पुढचा मराठी शब्द सापडेना, तेव्हा हिंदीत म्हणाली, "तो मैं हमेशा वही लड़की रहूँगी जो पानी पीकर गिर गई थी."

राज्याची स्पर्धा जूनमध्ये होती. मास्साबांनी डॉक्टरांना विचारलं, मला विचारलं. डॉक्टरांचं म्हणणं, रक्त पूर्ण ठीक झाल्यावर आणि विश्रांतीनंतर हळूहळू सुरू करायला हरकत नाही, पण पिण्याची शिस्त बदला. मास्साब म्हणाले, "बरं. स्पर्धेपर्यंत. पण हिच्या पाण्याची जबाबदारी मानेबाई, आपली."

मी हो म्हटलं. ही जबाबदारी शर्यत जिंकण्यापेक्षा अवघड निघाली.

कारण अवनीनं पाणीच सोडलं.

सराव पुन्हा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. ती क्लिनिकवर आली, पोटऱ्या दगडासारख्या. ओठ सुकलेले. मी विचारलं, "लघवीचा रंग कसा आहे?" आमच्या धंद्यात हा प्रश्न चहा घेणार का इतक्या सहजपणे विचारावा लागतो. फिकट पिवळा म्हणजे ठीक, गडद म्हणजे पाणी कमी. ती खाली बघून म्हणाली, "चाय जैसा."

"अगं, मग पीत का नाहीस?"

"बोतल देखते ही डर लगता है, मैडम. लगता है फिर वही होगा."

तोमरजींचंही तेच. ज्या माणसानं स्कूटरवरून बादली पाजली असती, तो आता बाटलीच मैदानावर आणेना. मास्साब फोनवर मुलीला सांगायचे, जपून पी हं, जपून. सगळ्यांनी मिळून तिला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्या खड्ड्याच्या काठावर उभं केलं होतं. पाणी कमी पडलं तर रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त राबावं लागतं, अंग तापतं, पायात गोळे येतात, आणि मे महिन्याच्या झाशीत खरोखरची लू लागते. तीही जीव घेते.

मला कळलं की हिला मी आकडे सांगून भागणार नाही. कालपर्यंत कोच सांगत होता किती प्यायचं. उद्या मी सांगीन. मग शर्यतीत, मधल्या रस्त्यावर, कोणी जवळ नसताना ती काय करणार? हिला स्वतःचं शरीर स्वतः वाचता आलं पाहिजे.

"चल, उद्या आपण तुझा घाम मोजू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तोमरजी, ती आणि मी पुन्हा त्याच रस्त्यावर. तोमरजी त्या कडुनिंबाकडे बघतसुद्धा नव्हते. अवनीचं वजन केलं. तासभर शर्यतीच्या वेगानं चालायला लावलं. सोबत मापाची बाटली, तहान लागेल तेव्हाच प्यायची. आली, घाम पुसला, पुन्हा वजन.

"अब हिसाब तू कर," मी म्हटलं. मास्साबांची मुलगी, हिशोबाला घाबरणारी नाही.

ती म्हणाली, "पौन किलो कम हुआ. पाव लीटर पिया. मतलब एक घंटे में एक लीटर पसीना."

"बरोबर. आणि त्या दिवशी, हळू चालीत, याहून कमी घाम येत असताना सर तुला तासाला किती पाजत होते?"

तिनं तोमरजींकडे पाहिलं. तोमरजींनी स्वतःच उत्तर दिलं. "डेढ़ लीटर." आणि मग पुटपुटले, "इंजन में भी इतना नहीं डालते."

अवनीला हसू आलं. हॉस्पिटलनंतर पहिल्यांदा मी तिला मोकळं हसताना पाहिलं. ती म्हणाली, "मतलब पानी बुरा नहीं था. ज़्यादा था."

"हो. आणि अळणी होतं."

तिची काळी टोपी मी तिला दाखवली. वाळल्यावर टोपीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. ते घामातलं मीठ. काहींच्या घामात मीठ जास्त जातं, अवनी त्यातली. म्हणून नुसतं पाणी तिला पुरणार नव्हतं. शर्यतीसाठी मी ओआरएस ठरवलं, तेच साधं, दवाखान्यात मिळतं ते, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात.

सराव संपल्यानंतरचं काम वेगळं. खेळाडूचं शरीर त्या वेळी दुरुस्त होत असतं, आणि गेलेलं पाणी परत भरल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. पण तेही गटागटा नाही. जेवढं वजन उतरलं, त्याच्या दीडपट, दोन-चार तासांत, घोट घोट, आणि जेवणाबरोबर. खिचडी, लोणचं, मठ्ठा. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन जागेवर आलं तर काल नीट भरलं असं समजायचं.

इथे पन्ह्यावरून भांडण झालं. मास्साब गुरसरायहून गूळ-वेलदोड्याचं गोड पन्हं घेऊन आले. तोमरजींच्या घरी कैरीचा पना काळं मीठ, पुदिना, भाजलेलं जिरं घालून करतात. ते म्हणाले, "मास्साब, ये तो शरबत है. पसीने वाले को नमक चाहिए." मास्साब हिंदीत तेवढ्याच ठामपणे म्हणाले, "तोमर साहब, चीनी-गुड़ के बिना थकान कैसे उतरेगी?" दोघंही थोडे थोडे बरोबर होते. सरावानंतर साखरही लागते, मीठही. मग अवनीच्या मावशीनं गूळ आणि काळं मीठ दोन्ही घालून केलं, पुदिना वगळला, वेलदोडाही वगळला. मी चाखलं. सातारच्या माझ्या आईनं ते बेसिनमध्ये ओतलं असतं. अवनी मात्र रोज मागून प्यायली.

सर्वांत अवघड होतं शर्यतीतलं पिणं. वाटेत टेबलं असतात, त्यांच्यावर तुमची बाटली ठेवलेली असते. चालता चालता उचलायची, वेग न मोडता दोन घोट घ्यायचे. तोमरजी खुर्चीवर बाटल्या मांडून बसायचे. पहिले काही दिवस ठसका, सांडणं, गुडघा वाकणं. तोमरजी ओरडायचे, "घुटना!" मी ओरडायचे, "घोट!" ती दोघांकडेही दुर्लक्ष करायला शिकली. मग जमलं.

एक गोष्ट मी तोमरजींकडून वदवून घेतली. शर्यतीच्या दिवशी "पियो" म्हणायचं नाही. "मत पियो" पण म्हणायचं नाही.

"फिर मैं करूँगा क्या?" ते म्हणाले.

"ताली बजाइए."

स्पर्धा बाहेरच्या शहरात होती. झाशीची हवा कोरडी, तिथली दमट. घाम वाळतच नव्हता, नुसता ओघळत होता. पहाटे उजाडताना शर्यत सुरू झाली तेव्हाच मुलींचे कपडे अंगाला चिकटले होते. वीस किलोमीटर, एकाच रस्त्यावर चकरा.

मास्साब आले होते. पहिल्यांदाच मुलीची शर्यत बघत होते. कठड्याला दोन्ही हात घट्ट धरून उभे.

पहिल्या अर्ध्या भागात अवनी सहावी-सातवी होती. पुढच्या मुली दर टेबलाला थांबल्यासारख्या होऊन भरपूर पीत होत्या. अवनीनं पहिलं टेबल सोडून दिलं. मास्साबांनी माझा दंड धरला. "पीत का नाही ती?"

"तिला तहान नाहीये, काका. तिला ठाऊक आहे."

दुसऱ्या टेबलाला तिनं बाटली उचलली. दोन घोट. वेग तसाच. ओला स्पंज घेतला, मानेवर पिळला आणि टाकून दिला. तोमरजी टेबलापाशी उभे होते, हात पाठीमागे बांधलेले, जबडा आवळलेला. एकही शब्द नाही. त्या माणसानं आयुष्यात एवढं गप्प राहणं सैन्यातही केलं नसेल.

ऊन वर आलं तसं चित्र बदललं. एका मुलीनं पोट धरलं. एकीचा पाय गोळा येऊन आखडला, ती कडेला गेली. एकीला पंचांनी बाद केलं. अवनी पुढे सरकत होती, तीच चाल, तीच मान. शेवटच्या दोन चकरांत ती तिसरी होती. समोरची मुलगी थकली होती, हे तिच्या खांद्यांवरून मला दिसत होतं.

मास्साब एकदम ओरडले, "पी गं! पी!"

अवनीनं त्यांच्याकडे पाहिलं. हसली. पाणी घेतलं नाही, आणि समोरच्या मुलीला मागे टाकून गेली.

दुसरी आली. स्वतःची आतापर्यंतची सर्वांत चांगली वेळ. तोमरजींनी टाळ्या वाजवल्या, मग वाजवतच राहिले, शेवटी शेजारच्या कोचनं त्यांना खाली बसवलं. मास्साबांनी पिशवीतून रुमाल काढून आधी चष्मा पुसला, मग डोळे.

मी अवनीला बाजूला घेऊन वजन केलं. सकाळपेक्षा थोडंसं कमी. जेवढं कमी असायला हवं, तेवढंच.

"ठीक है?" तिनं विचारलं.

"एकदम ठीक," मी म्हटलं. मला त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या पदवीचा कधी वाटला नव्हता, आणि हे मी कोणापासून लपवत नाही.

त्या निकालावर तिची राष्ट्रीय शिबिरासाठी निवड झाली. मास्साबांनी बी. एड.चा विषय पुन्हा काढला नाही. तिथल्या पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. शिबिराच्या डॉक्टरांनी सगळ्या मुलींना विचारलं होतं, तुमचं पिण्याचं नियोजन कोण करतं. कोणी कोचचं नाव सांगितलं, कोणी भावाचं.

"तू माझं सांगितलंस ना?" मी चेष्टेनं विचारलं.

"नहीं मैडम. मैंने कहा, मैं खुद."

मी म्हटलं, बरोबर सांगितलंस.

तेव्हापासून झाशीतले आणखी काही कोच मला बोलावतात. सगळ्यांना एकच आकडा हवा असतो: रोज किती लिटर? मी सांगते, आकडा नाही. तहान लागली की प्या. भरपूर घाम जात असेल तर मीठही घ्या. लघवीचा रंग बघा, वजन बघा. आणि खेळाडू आडवा पडला तर आधी त्याचं अंग तापलंय का ते बघा, तो किती प्यायलाय ते विचारा, भान हरपलं असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. बाटली नंतर उघडा. ऐकताना बहुतेकांचा विरस होतो. तोमरजी अशा वेळी मागे उभे असतात आणि सांगतात, "मैडम सही कह रही हैं. मुझसे पूछिए."